भाऊंच्या पुस्तकातलं माझं वाक्य

भाऊंचं आत्मचरित्र मी लिहिलं असं मी कुठेच म्हणत नाही. मुखपृष्ठावर त्यांचं नाव आहे, आत त्यांचे फोटो आहेत आणि आठवणीही त्यांच्याच आहेत. वाक्यं तेवढी माझी. तीस वर्षं असंच चालत आलं होतं, त्यामुळे पुस्तकाच्या वेळी कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

आमच्याकडे आमदाराला साहेब कमी आणि भाऊ जास्त म्हणतात. आमचे भाऊ पाच वेळा निवडून आले. घराणं व्यापाऱ्याचं, वडलांचं सरकी-ढेपेचं दुकान. दर निवडणुकीचा नारळ केळझरच्या गणपतीला फुटायचा आणि पहिलं भाषण तिथल्याच पायऱ्यांवर व्हायचं. ते भाषणही मीच लिहायची. त्यांच्या वर्ध्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. आमच्या वस्तीतून टायपिंगची परीक्षा पास झालेली मी पहिली पोरगी. विहारात माझा सत्कार झाला होता, शाल आणि पेन. भाऊ सहाव्या वेळी पडले आणि त्यांनी राजकारण सोडलं, तरी मी बोरगाव मेघेच्या माझ्या घरून दुपारी त्यांच्याकडे जातच राहिले. घरी बसून तरी काय करणार होते.

ऑफिसचा एक नियम होता. मतदारसंघात कुठेही कोणी गेलं की तेरवीच्या आत भाऊंचं सांत्वनपत्र त्या घरी पोचलं पाहिजे. गावोगावचे कार्यकर्ते नावं कळवायचे, मी पत्र लिहायची, भाऊ सही करायचे. छापील मजकूर मी कधी वापरला नाही. मास्तर असला तर त्याच्या शाळेचं, शेतकरी असला तर त्याच्या बैलांचं, म्हातारी असली तर तिच्या हातच्या भाकरीचं काहीतरी घालायची. भाऊंनी ती भाकर खाल्लेली नसायची. लोक ती पत्रं फ्रेम करून फोटोच्या बाजूला टांगायचे. एकदा एका गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ निघाले आणि आमचं पत्र गेलं ते जिवंत असलेल्याच्या घरी. मला वाटलं, गेली आपली नोकरी. तिसऱ्या दिवशी तो माणूस पत्र घेऊन ऑफिसात हजर. भाऊंसमोर खुर्चीवर नीट बसला आणि म्हणाला, "भाऊ, माह्याबद्दल एवढं चांगलं आजलोक कोनी बोललं नाई. मेलो नाई म्हनून वापस मागू नका." भाऊ पोट धरून हसले, त्याला चहा पाजला आणि पत्र त्यालाच ठेवू दिलं. मीही हसले. त्याचा चेहरा मात्र मला बरेच दिवस आठवत राहिला. खोटं आहे हे माहीत असूनही त्याला ते पत्र सोडवत नव्हतं.

आता माझ्या बहिणीचं सांगते, कारण हे सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

माझी धाकटी बहीण तळेगावला राहते, आमच्याकडच्या श्यामजी पंताच्या तळेगावला. तिथल्या एका अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवते, झाडते, पोरांना घरोघरी जाऊन घेऊन येते. सेविका व्हायला दहावी लागत होती आणि ती सातवीवर थांबली. तिच्यापेक्षा लहान तीन पोरी तिच्या डोळ्यांदेखत सेविका होऊन आल्या. त्यांची रजिस्टरं लिहायला हीच मदत करते, कारण हिचं अक्षर त्यांच्याहून चांगलं. ती थांबली कारण आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढचं हायस्कूल आठ किलोमीटरवर. पोरं सायकलनं जायची, पोरी घरी बसायच्या. मी शिकले ते थोरली म्हणून, वर्ध्याला मामाकडे राहून. मामाच्या दोन खोल्यांत दुसऱ्या भाचीला जागा नव्हती.

गावात हायस्कूल येणार असं आम्ही दोन वर्षं ऐकत होतो. विहाराच्या मागे जागासुद्धा ठरली होती. ती सातवी पास झाली तेव्हा मी तिच्यासाठी आठवीची जुनी पुस्तकं जमवली, वर्तमानपत्राची कव्हरं घातली आणि गावी नेऊन दिली. ती अजून तिच्या लोखंडी पेटीत आहेत. शाळा काही आली नाही. सरकारनं दिली नाही, असं गाव समजलं आणि तीही तेच समजली.

सरकारनं दिली होती. भाऊंनी ती एका पत्रानं दुसऱ्या गावाला नेली. त्या गावात मतं जास्त होती आणि तिथल्या चार बड्या लोकांनी जागेसोबत बांधकामही कबूल केलं होतं. 'सदर हायस्कूल अमुक गावाऐवजी तमुक गावी सुरू करणे अधिक सोयीचे राहील' अशी ती शिफारस. पत्र मी टाईप केलं. दुपारची वेळ होती, टेबलावर सात-आठ पत्रांचा गठ्ठा होता, त्यातलं ते तिसरं की चौथं. माझ्या गावाचं नाव आलं तेव्हा बोटं थांबली असं सांगायला बरं वाटलं असतं. थांबली नाहीत. पत्र ओढलं, कार्बन काढला, सहीच्या फाइलीत ठेवलं. नोकरीला वर्षही झालं नव्हतं आणि माझी जीभ उचलली नाही. कोणाशी बोलले नाही, तिच्याशी तर नाहीच.

आमच्या ऑफिसात प्रत्येक पत्राची एक कार्बन कॉपी राहायची आणि तिच्या डाव्या कोपऱ्यात टाईप करणाऱ्याची दोन अक्षरं असायची. उद्या चूक निघाली तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून. त्या सगळ्या कॉप्या भाऊंच्या जुन्या सरकीच्या गोदामात पत्र्याच्या पेट्यांमध्ये होत्या.

पुस्तकाचं खूळ भाऊंच्या डोक्यात अमेरिकेनं घातलं. आमदार असताना ते एकदा अभ्यासदौऱ्यावर तिकडे गेले होते. तिथे त्यांना एक म्हातारा सिनेटर भेटला. आपल्या राज्यसभेसारखं त्यांचं सभागृह, त्यात हा माणूस जन्म काढून बसलेला. त्यानं आपल्या आठवणींचं विटेएवढं पुस्तक सही करून भाऊंना दिलं. ते वीसेक वर्षं काचेच्या कपाटात सत्काराच्या ढालींमध्ये उभं होतं. निवडणूक हरल्यावर भाऊंना वेळच वेळ झाला आणि एक दिवस त्यांनी ते बाहेर काढायला लावलं. "बाई, हा गोरा बुढा काय म्हनते ते पाहा बरं."

मी बी.ए. बाहेरून केलं होतं, इंग्रजी घेऊन. तेवढ्या भांडवलावर, मांडीवर डिक्शनरी घेऊन, कूलरसमोर बसून मी त्यांना रोज चार-पाच पानं मराठीत सांगायची. भाऊंना सिनेटरचं फार नवल. हा माणूस किती वर्षं निवडून आला, याच्याकडे नालीचं निवेदन घेऊन कोणी येत नसेल का, याच्या घरी सकाळी सहाला लोक उभे राहत नसतील का. त्याचे सगळे कागद एका विद्यापीठानं नीट लावून ठेवले आहेत असं मी वाचलं तेव्हा ते म्हणाले, "आन् आपले उधई खाऊन राह्यली." उधई म्हणजे वाळवी.

मग तो धडा आला. सिनेटरनं त्यात आपण तरुणपणी एका कायद्यावर चुकीचं मत दिलं असं लिहिलं होतं. कारणं नव्हती, परिस्थिती अशी होती वगैरे नव्हतं. मला घरी बसावं लागेल ही भीती होती म्हणून मी ते मत दिलं आणि त्यानं लोकांचं वाईट झालं, इतकंच. भाऊंनी कूलर बंद करायला लावला. मग म्हणाले, "हे पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. "आपल्याबी पुस्तकात असा एक धडा पायजे."

इथपर्यंत पुस्तकाचं ठरलंही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून डिक्टेशन सुरू झालं. बालपण, दुकान, पहिली निवडणूक, धरणाचं आंदोलन, सगळं सरळ निघालं. अडलं ते या धड्यापाशी. भाऊंनी चुका सांगायला घेतल्या. लोकांवर मी फार विश्वास ठेवला. तब्येतीकडे लक्ष दिलं नाही. घरच्यांना वेळ देऊ शकलो नाही. मी दोन पानं उतरवली आणि पेन खाली ठेवलं. माझं डोकं फिरलं होतं.

"भाऊ, या चुका नाहीत. हे सत्काराचं भाषण झालं."

त्यांना असं बोललेलं चालायचं नाही, पण आता ते आमदार नव्हते आणि मी पगारी नव्हते. ते म्हणाले, "मंग तुमीच सांगा एखादी."

मला एकच माहीत होती. बाकीच्याही असतील, पण माझ्या मनात तीस वर्षं एकच बसलेली. ती सांगितली तर छापली जाणार, छापली तर गावात वाचली जाणार, आणि तळेगावला माझी बहीण रोजचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, ती हे पुस्तक सोडणार नव्हती. शाळा कोणी नेली ते तिला कळावं असं मला फार वाटत होतं. आणि पत्र कोणी टाईप केलं ते कळू नये असंही तेवढंच वाटत होतं. मी म्हटलं, उद्या सांगते.

गोदामात मला दोन दिवस लागले. तीन पेट्या उधईनं खाल्लेल्या, वरून कागद आणि आतून माती. माझी कॉपी चौथ्या पेटीत निघाली, कडा कुरतडलेल्या पण मजकूर शाबूत. ती उधईनं खाल्ली असती तर मी काय केलं असतं ते माहीत नाही. बहुतेक गप्प बसले असते, आधी बसले तशीच.

भाऊंनी भिंग लावून ते पत्र वाचलं. "हे तं तुमचं गाव नं?"

"हो."

"टाईप कोनं केलं?"

मी कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवलं. ते उठले. आत जाऊन पाणी पिऊन आले आणि म्हणाले, "हा धडा मी सोता लिहीन. तुमी लिहू नका."

त्यांचा मुलगा, ज्याला लोक छोटे भाऊ म्हणतात, तेव्हा जिल्हा परिषदेच्या तयारीत होता. त्याला हे कळलं तसा तो आला. "मॅडम, हे काऊन टाकून राह्यले तुमी? त्या गावात आपले मतं आहेत." मी म्हटलं, मला विचारू नका. आतून भाऊंचा आवाज आला, "पुस्तक माह्यं हाये. तुह्यं निंगन तवा तू पाह्यजो." तो चरफडत निघून गेला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

भाऊंना एक पान लिहायला आठ दिवस लागले. अक्षरं ओळ सोडून खाली उतरायची. नवव्या दिवशी त्यांनी ते पान माझ्या हातात दिलं आणि मी तिथेच उभी राहून वाचलं. शाळा कोणाला मंजूर झाली होती, ती का हलवली, कोणाच्या शब्दाखातर हलवली, सगळं होतं. आमच्या गावाच्या पोरींनी त्याचं मोल दिलं असंही होतं. आणि शेवटी असं लिहिलं होतं: 'माझ्या टायपिस्ट बाई त्याच गावच्या. त्या मला म्हणाल्या होत्या, भाऊ, असं करू नका, आमच्या पोरींची शिक्षणं थांबतील. मी त्यांचं ऐकलं नाही.'

मला रडू आलं. ते पान मी टाईप करायला म्हणून घरी नेलं आणि दोन दिवस टाईप केलं नाही. पर्समध्ये ठेवलं, काढलं, वाचलं, परत ठेवलं. बहीण हे वाचेल, शेजारणींना दाखवेल, माझी ताई तेव्हा भांडली होती म्हणून सांगेल, हे सगळं डोळ्यांसमोर यायला लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तर मला ती दुपार आठवायला लागली. मी खुर्चीवरून उठले, पत्र हातात धरलं, भाऊंच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हटलं, भाऊ, असं करू नका. वरच्या पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. तेव्हा मात्र मी घाबरले. तो पंखा त्या ऑफिसात त्या दुपारनंतर चार वर्षांनी लागला होता.

तिसऱ्या दिवशी मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, हे मी बोलले नव्हते."

"मले मालूम हाये."

"मग काऊन लिहिलं?"

ते दिवाणावर टेकून बसले होते. डोळे मिटूनच बोलले. "बाई, तुमी तीस वर्षं माह्या तोंडी काय काय घातलं. त्या बुढीची भाकर मी खाल्ली होती का? त्या मास्तरच्या शाळेत मी गेलतो का? लोकाइनं तेच फ्रेम करून लावलं. तुमच्यासाठी एक ओळ मी लिहिली तं काय बिघडलं?"

मला रागही आला आणि मायाही दाटून आली. ती ओळ त्यांनी माझ्यासारखीच लिहिली होती, शब्द तोलून, शेवट आखूड ठेवून. शिकले कुठून, तर माझ्याकडूनच.

"खोडू का?" मी विचारलं.

"प्रूफ तुमच्याकडंच येनार हायेत. तुमी पाहा. मले विचारू नका."

प्रूफं आली तेव्हा मी ती ओळ लाल पेनानं खोडली आणि समासात लिहिलं: 'पत्र टाईप करणाऱ्या बाई त्याच गावच्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.' मग छापखान्यात द्यायच्या आधी ते पान घडी करून पर्समध्ये टाकलं आणि आर्वीवरून तळेगावची बस धरली. छापलेलं पुस्तक तिच्या हातात पडावं आणि मी तिथे नसावं, एवढी भित्री मला परत व्हायचं नव्हतं.

अंगणवाडी सुटली होती. बहीण नळापाशी बसून खिचडीचं पातेलं राखेनं घासत होती. मला पाहून तिला आनंद झाला. "काऊन गं ताई, फोन नाई, काई नाई?" मी म्हटलं, हात धू आणि हे वाच. तिनं पदराला हात पुसले, पान घेतलं, ओट्यावर बसली. ती बोट ठेवून वाचते, पण अडखळत नाही. शाळेचा मजकूर वाचताना तिचं बोट एकदा थांबलं आणि परत मागे गेलं. मग खाली आलं. खोडलेली ओळ लाल रेघेखालून साफ दिसत होती. तिनं ती वाचली, मग समासातली वाचली.

"हे कोनं खोडलं?"

"मी."

"भाऊनं तं तुह्यासाठी खोटंबी लिहिलं." एवढंच म्हणाली. पुढचं ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं. मी तिच्यासाठी खरंही बोलले नव्हते.

तिनं पान उलटून मागची बाजू पाहिली. मला वाटलं रडेल, नाहीतर मला हाकलेल. दोन्हीसाठी मी तयार होऊन आले होते. तिनं विचारलं वेगळंच.

"पत्र कवाचं हाये?"

"मार्चमधलं."

ती मनात काहीतरी जुळवत होती. तिची नजर पानावर नव्हती. "आठवीचे पुस्तकं तू माह्याकडं मे महिन्यात आनले होते. कव्हर घालून. मी रिझल्टचे पेढे दिले होते तुले."

मी हो म्हटलं.

"तवा तुले मालूम होतं."

"हो."

ते तीस वर्षांत मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. पत्राचं सांगितलं होतं, गप्प बसल्याचं सांगितलं होतं, त्यावर मनात पुष्कळ रडूनही झालं होतं. पुस्तकांचं कधीच नाही. उलट पुस्तकं माझ्या बाजूला धरली होती, निदान तेवढं तरी केलं म्हणून. ती पोरगी अख्खा उन्हाळा ती पुस्तकं वाचत बसली होती, न येणाऱ्या शाळेसाठी, आणि मी सुट्टीत घरी आले की तिला गणितं समजावून सांगत होते.

तिनं पान घडी करून माझ्या हातात दिलं आणि नळापाशी परत जाऊन बसली.

"मंग हे बी लिव्हजो," ती पातेल्याकडे पाहत म्हणाली.

चहाचं तिनं विचारलं नाही. मीही थांबले नाही. परतीच्या बसमध्ये मला खिडकीजवळ जागा मिळाली. आर्वी यायच्या आत मी पर्स मांडीवर धरून समासातल्या दोन वाक्यांखाली तिसरं लिहिलं. सातशे प्रती छापल्या, आणि त्या सगळ्या प्रतींत ते आहे: 'शाळा येणार नाही हे माहीत असताना, पत्रानंतर दोन महिन्यांनी, त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला आठवीची पुस्तकं नेऊन दिली.'